गुटगुटीत मुलांचा रक्तदाब

'गुटगुटीत' हा मराठी घरांतला एक लाडका शब्द आहे. बाळाने बाळसे धरले, मूल अंगापिंडाने भरले, की वडीलधाऱ्यांचे डोळे निवतात. या आनंदाचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. १९७२ चा दुष्काळ आणि रेशनच्या दुकानांपुढील रांगा ज्यांनी पाहिल्या, गोवर व हगवण यांत कोवळी मुले हातची गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांच्या दृष्टीने मुलाच्या अंगावरचे मांस म्हणजे आजारपणासाठी बाजूला ठेवलेली शिल्लक होती. गावोगावच्या सुदृढ बालक स्पर्धांतही वजनाला मान असे. म्हणून आजही एखाद्या डॉक्टराने 'मुलाचे वजन जास्त आहे' असे म्हटले, की पालकांना ते मुलाला लागलेल्या दृष्टीसारखे वाटते.

तेव्हा प्रथम एक भेद स्पष्ट करू. अंगावर पिणाऱ्या, रांगणाऱ्या बाळाचे बाळसे ही निसर्गाची योजना आहे. त्याला धक्का लावण्याचे कारण नाही, आणि दोन वर्षांच्या आतील मुलाचे दूध, तूप किंवा अन्न कमी करण्याचा विचारही कोणी स्वतःच्या मनाने करू नये. मूल चालू-धावू लागले की हे बाळसे हळूहळू उतरते आणि पाच-सहा वर्षांचे मूल बहुधा सडसडीत दिसते. त्यानंतर पुन्हा पोट सुटू लागले, शाळेच्या गणवेशाची कंबर दर वर्षी दोन मापांनी वाढू लागली, तर तो प्रकार वेगळा असतो. त्याला बाळसे म्हणत राहिल्याने तो निरुपद्रवी ठरत नाही.

चित्र बदलते आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) आपल्या देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी २.१ टक्के मुले वजनाने जास्त होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ३.४ टक्क्यांवर गेले. केंद्र शासनाने २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची स्वतंत्र देशव्यापी पाहणी केली. तीत १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुले वयाच्या मानाने हडकुळी आढळली, तर सुमारे ५ टक्के मुलांचे वजन प्रमाणाबाहेर होते. उच्च रक्तदाबही जवळपास तितक्याच, म्हणजे सुमारे ५ टक्के किशोरवयीनांमध्ये दिसला. एकाच राज्यात मेळघाटातील कुपोषणही आहे आणि शहरी सोसायट्यांतील लठ्ठपणाही आहे. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि एकाकडे बोट दाखवून दुसरा झाकता येत नाही.

यातील लठ्ठपणा निदान डोळ्यांना दिसतो. रक्तदाब दिसत नाही, दुखत नाही, मूल त्याची तक्रार करीत नाही. तो केवळ मोजल्यावरच कळतो आणि मुलांचा रक्तदाब मोजण्याची रीत आपल्याकडे अद्याप रुळलेली नाही. ताप, खोकला, पोटदुखी घेऊन आलेल्या मुलाचे वजन होते, घसा पाहिला जातो, छाती तपासली जाते. दंडावर पट्टा मात्र क्वचितच बांधला जातो.

सहलीचा दाखला

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आठवीत शिकणारा तेरा वर्षांचा मुलगा आई आणि आजीसोबत दवाखान्यात आला. शाळेची सहल एका किल्ल्यावर जाणार होती आणि त्यासाठी प्रकृती ठीक असल्याचा दाखला हवा होता. त्याची उंची १५२ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, कंबरेचा घेर ८६ सेंटिमीटर भरला. मानेच्या मागे काळसर, मखमली पट्टा होता. तो मळ असावा असे समजून आई तो रोज घासून काढण्याचा प्रयत्न करीत असे. रक्तदाब १३४/८६ निघाला.

आजींना हे मुळीच पटले नाही. "अहो डॉक्टर, या वयात कसलं आलंय ब्लडप्रेशर? ते मला आहे, त्याला नाही."

मुलगा मात्र एवढेच विचारत होता, "मला सहलीला जाता येईल ना?" नंतर बोलता बोलता कळले, की वर्गातील मुले चिडवतात म्हणून वर्षभर तो खेळाच्या तासाला काही ना काही निमित्त काढून वर्गातच बसत होता. ही सहल त्याला चुकवायची नव्हती.

एका आकड्यावर निदान करायचे नसते. पुढील तीन आठवड्यांत त्याला आणखी दोनदा बोलावले. रक्तदाब १३२/८४ आणि १३०/८२ आला. लघवी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या चांगल्या होत्या. यकृताचे एक विकर वाढलेले होते व सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. वडिलांना रक्तदाबाची गोळी चालू होती आणि आजींनाही. दोन्ही पालक नोकरीवरून रात्री आठला घरी येत. मुलगा शाळेतून परस्पर क्लासला जाई आणि मधल्या वेळात त्याला दिलेल्या पैशांतून वडापाव व थंड पेय घेई. रात्री जेवण, मग मोबाइल, आणि झोपायला साडेअकरा. यात आईवडिलांचा दुष्टपणा किंवा मुलाचा आळस कोठेही नाही. तुमच्या-आमच्या घरांत दिसते तेच हे वेळापत्रक आहे.

सहलीचा दाखला त्याला दिला. इतक्या वाढलेल्या रक्तदाबासाठी, अन्य काही दोष नसताना, चालणे-चढणे बंद करायचे नसते. उलट ते वाढवायचे असते. या मुलाची पुढची हकीकत योग्य जागी सांगतो.

मोजावे कसे?

मोठ्यांसाठी १२०/८० हा आकडा आपण पाठ केलेला असतो. मुलांना तो जसाच्या तसा लावता येत नाही. मुलाचा रक्तदाब वय, लिंग आणि उंची यांप्रमाणे बदलतो. समजा, एकाच वयाच्या, एकाच उंचीच्या १०० मुलांना रक्तदाबाच्या चढत्या क्रमाने रांगेत उभे केले, तर नव्वदाव्या क्रमांकापर्यंतचा रक्तदाब सामान्य मानतात आणि पंचाण्णवाव्या क्रमांकापासून पुढचा उच्च. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१७ साली यासाठी जे कोष्टक दिले ते आपल्याकडेही वापरले जाते. त्यातील प्राथमिक चाळणीचे काही आकडे पालकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहेत. मुलग्यांमध्ये सहाव्या वर्षी १०५/६६, दहाव्या वर्षी १०८/७२, बाराव्या वर्षी ११३/७५. मुलींचे आकडे एखाद्याच अंकाने वेगळे आहेत. रक्तदाब एवढा किंवा याहून अधिक भरला तर तो आजार ठरत नाही, पण पुन्हा नीट मोजून मूळ कोष्टकाशी ताडून पाहावा लागतो.

तेरा वर्षे पूर्ण झाल्यावर हिशेब सोपा होतो. १२०/८० च्या खाली सामान्य. वरचा आकडा १२० ते १२९ आणि खालचा ८० पेक्षा कमी असेल तर 'वाढलेला'. १३०/८० किंवा अधिक असेल तर उच्च रक्तदाबाची पहिली पायरी. १४०/९० पासून दुसरी. वरचा आणि खालचा यांपैकी एकच आकडा वाढलेला असला तरी तो धरला जातो. निदान करण्यापूर्वी वेगवेगळ्या तीन भेटींत रक्तदाब वाढलेला आढळला पाहिजे.

मोजण्याच्या पद्धतीत सर्वाधिक चुका होतात त्या दंडावरील पट्ट्याच्या. पट्ट्याच्या आतील फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या निदान ४० टक्के असावी आणि लांबीने त्याने घेराचा किमान ८० टक्के भाग व्यापावा. लठ्ठ मुलाच्या दंडाला लहान पट्टा बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. बारीक मुलाला मोठ्यांचा पट्टा बांधला तर तो खोटाच कमी दिसतो. म्हणून आजोबांसाठी घेतलेल्या यंत्रावर नातवाचा रक्तदाब मोजून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. मुलाने तीन ते पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली असावी, पावले जमिनीवर, पायावर पाय नको, आणि उजवा हात हृदयाच्या पातळीवर आधाराने ठेवलेला असावा. यंत्रावर आकडा जास्त आला तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून त्याची खातरजमा करावी. काही मुलांचा रक्तदाब दवाखान्याच्या धास्तीनेच वाढतो. शंका राहिली तर २४ तास दंडावर राहणारे यंत्र लावून खरेखोटे करता येते.

तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा प्रत्येक मुलाचा रक्तदाब मोजावा. लठ्ठपणा, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या मुलाचा तो दवाखान्याच्या प्रत्येक भेटीत मोजावा.

वजनाचा अंदाज घरी घेण्याची एक सोपी खूण सांगतो. सहा वर्षांवरील मुलाच्या कंबरेचा घेर त्याच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. वर सांगितलेल्या मुलाच्या उंचीचे निम्मे ७६ सेंटिमीटर होते आणि कंबर ८६. याखेरीज किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा शरीरभारांक असतो. मुलांमध्ये तो वयानुसार आलेखावर मांडूनच पाहायचा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वाढीचे सुधारित आलेख प्रसिद्ध केले. त्यांच्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख वाटा होता. प्रौढ वयात २३ आणि २७ या शरीरभारांकांकडे नेणाऱ्या दोन रेषा त्यावर आहेत. पहिलीच्या वर जास्त वजन, दुसरीच्या वर लठ्ठपणा. वर्षातून दोनदा या आलेखावर एक-एक ठिपका टाकला तरी मूल कोणत्या वाटेने निघाले आहे ते दिसते.

वजनाने रक्तदाब का वाढतो?

चरबी म्हणजे अंगावरचे निपचित ओझे नव्हे. ती संप्रेरके निर्माण करणारी जिवंत पेशीजालिका आहे. चरबी वाढली की शरीरातील इन्सुलिनचा प्रभाव उणावतो आणि स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन स्रवते. हे जास्तीचे इन्सुलिन मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावते. मिठाबरोबर पाणी राहते व रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो. चरबीतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक मज्जासंस्थेला सतत ताणलेल्या अवस्थेत ठेवते, त्यामुळे हृदय जोराने चालते आणि धमन्या आकसतात. मानेवरील तो काळा पट्टा ही याच वाढलेल्या इन्सुलिनची त्वचेवर उमटलेली खूण आहे. साबणाने किंवा लिंबाने तो जात नाही. वजन उतरले की तो आपोआप फिका होतो. मूल रात्री मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर रात्रभर प्राणवायू कमी पडूनही रक्तदाब वाढतो.

'मोठा झाला की उंचीत निघून जाईल' हे वाक्य घराघरांत ऐकू येते. काही मुलांचे तसे होतेही. परंतु वयात येताना लठ्ठ असलेली बहुसंख्य मुले पुढेही लठ्ठ राहतात, आणि बालपणातील उच्च रक्तदाब बहुधा प्रौढपणातही सोबत येतो. अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील बोगालुसा या गावात डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ पासून मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांतील ज्या मुला-तरुणांचा अपघाताने वगैरे मृत्यू झाला त्यांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या धमन्यांत चरबीच्या रेषा दिसल्या. हयातीत ज्यांचे वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल अधिक होते त्यांच्या धमन्या अधिक बिघडलेल्या होत्या. चाळिशीत येणाऱ्या हृदयविकाराची तयारी शाळेच्या बाकावर सुरू होते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

आपल्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत, पोटातील अवयवांत लहान होती, पण त्वचेखालील चरबीत मात्र त्या मानाने मुळीच कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशी बाळे पुढे भराभर वजनाने वाढली तर मधुमेह व रक्तदाबाचा धोका वाढतो. म्हणूनच कमी वजनाच्या बाळाला 'भरून काढण्यासाठी' साखर, बिस्किटे, गोड पावडरी चारणे हितावह नाही. आणि म्हणूनच सडपातळ मुलाचाही रक्तदाब मोजायचा.

वजनाखेरीज अन्य कारणे

प्रत्येक उच्च रक्तदाब लठ्ठपणामुळे येत नाही. सहा वर्षांखालील मुलाचा, किंवा बारीक मुलाचा रक्तदाब बराच वाढलेला असेल, तर मूत्रपिंडाचा विकार, मूत्रपिंडाच्या धमनीचे आकुंचन किंवा महाधमनीचा जन्मजात अरुंदपणा शोधावा लागतो. पायांतील नाडी क्षीण लागणे, लघवी लाल किंवा फेसाळ होणे, सकाळी चेहरा सुजणे, लघवीचा वारंवार जंतुसंसर्ग होणे, या खुणा महत्त्वाच्या. तोंडाने दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे आणि चोंदलेले नाक मोकळे करणारी काही सर्दीची औषधे रक्तदाब वाढवतात. दुकानातून परस्पर आणलेली औषधे डॉक्टरांना दाखवावीत.

लठ्ठपणाविषयीही एक खूण उपयोगी आहे. अतिआहाराने लठ्ठ झालेले मूल बहुधा वयाच्या मानाने उंच असते. मूल लठ्ठ आहे आणि उंचीही खुंटली आहे, असे दिसले तर थायरॉइड किंवा अन्य ग्रंथींचा दोष तपासावा. उंच, लठ्ठ मुलाच्या बाबतीत मात्र 'याला थायरॉइडच असेल' या आशेवर महिने घालवू नयेत.

घरात काय करावे?

मीठ. प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना त्याहूनही कमी. चौघांच्या घराचा हिशेब करा. २० ग्रॅम रोज धरले तरी एक किलोची पिशवी ५० दिवस पुरली पाहिजे. पिशवी उघडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहून ठेवा. ती महिन्यातच संपत असेल तर आपले घर किती मीठ खाते ते कळेल. त्यात पुन्हा बाहेरचे मीठ धरलेलेच नाही. लोणचे, पापड, शेव, फरसाण, वेफर्स, सॉस, झटपट नूडल्स यांत मीठ भरपूर असते. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही सोडिअम आहेच. सैंधव हेही मुख्यत्वे तेच मीठ होय, तेव्हा ते मोकळ्या हाताने वापरू नये. उपवासाच्या वेफर्सनाही सूट नाही. पाकिटावर सोडिअम मिलिग्रॅममध्ये दिलेले असते. त्याला अडीचने गुणून हजाराने भागले की मिठाचे ग्रॅम मिळतात. ८०० मिलिग्रॅम सोडिअम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

साखर. गोड थंड पेयात १०० मिलिलीटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. ३०० मिलिलीटरची बाटली म्हणजे सहा चमचे. वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, शक्यतो पाच टक्क्यांच्या आत असावी असा संकेत आहे. १६०० उष्मांकांच्या आहारात दहा टक्के म्हणजे ४० ग्रॅम. एका बाटलीत त्यातील बहुतेक वाटा संपतो. डब्यातील फळांचे रसही याच हिशेबात येतात. दुधात घालण्याच्या पुष्कळ माल्टयुक्त पावडरींत साखर बरीच असते. केंद्र शासनाने २०२४ साली ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढण्यास सांगितले.

डबा आणि मधली वेळ. मुलांचा आहार बिघडतो तो जेवणात कमी आणि चार ते सात या वेळेत जास्त. क्लासला जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात दुसरा लहान डबा द्यावा. फुटाणे-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू, मोड आलेल्या मटकीची उसळ, सकाळचे थालीपीठ, पेरू, केळे, काकडी यांपैकी काहीही. घरी आल्यावर मीठ न घातलेले ताक. जेवणात भाकरी किंवा पोळी, वरण किंवा उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर. ताटाचा निम्मा भाग भाज्यांनी व्यापला की भाताचा डोंगर आपोआप लहान होतो. मांसाहारी घरांत मासळी, अंडी चालतील, पण तळलेली रोज नकोत. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांत अतिमीठ, अतिसाखर व अतिचरबीच्या पदार्थांना मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत ती लागू केली. पालकसभेत याविषयी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

हालचाल. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. त्यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. लगोरी, लंगडी, खो-खो, सायकल, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, यांतील जे मुलाला आवडेल ते. लठ्ठ मूल सांघिक खेळात मागे पडते, हसू होते, मग खेळ सोडते. अशा मुलाला आरंभी पोहणे, सायकल किंवा घरच्यांसोबत चालणे अधिक मानवते.

झोप. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि रक्तदाबही. मोबाइल, सर्वांचेच, रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावेत.

काय करू नये?

वाढत्या मुलाला उपाशी ठेवू नये. कित्येक मुलांचे वजन कमी करण्याचीही गरज नसते. ते आहे तेथे थोपवले आणि उंची वाढू दिली की प्रमाण सुधारते. वजन उतरवणाऱ्या पावडरी, काढे, जाहिरातीतील गोळ्या मुलांना देऊ नयेत. पोटॅशिअमयुक्त कमी सोडिअमचे मीठ डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय मुलांना सुरू करू नये.

आणि मुलाला 'जाड्या', 'मोटू', 'ढब्बू' म्हणू नये, लाडानेसुद्धा नाही. पाहुण्यांपुढे त्याचे ताट मोजू नये. धाकट्या बारीक भावंडाला शेव आणि याला काकडी, असा पंक्तिप्रपंच करू नये. चिडवल्याने मूल बारीक होत नाही. ते चोरून खाऊ लागते. घरात एकच आमटी शिजावी आणि ती सर्वांनी खावी.

त्या मुलाच्या घरी नेमके हेच घडले. आजींसाठी बेताच्या मिठाची आमटी आणि भाजी वर्षानुवर्षे वेगळी निघत असे व त्या ती एकट्याच खात. मी म्हणालो, "आजी, तुमची गोळी त्याला द्यायची नाही. तुमच्या वाटीतली आमटी मात्र द्यायची आहे." आता पातेले एकच झाले. फरसाणाचा डबा घरात भरणे थांबले, मधल्या वेळेचा डबा सुरू झाला, संध्याकाळचा क्लास तासभर पुढे ढकलून तो वेळ सायकलला दिला. पहिले दोन महिने काही फरक दिसला नाही व घरचे निराश झाले. सहा महिन्यांनी उंची तीन सेंटिमीटरने वाढून १५५ झाली होती, वजन ६३ किलो आणि रक्तदाब १२२/७६. वजन केवळ एका किलोने उतरले, परंतु शरीरभारांक २७.७ वरून २६.२ वर आला. रक्तदाब अद्याप पूर्ण सामान्य नाही, यकृतावरील चरबी पुन्हा पाहायची आहे, आणि हे काम आणखी दोन-तीन वर्षांचे आहे. गोळी मात्र लागलेली नाही. खेळाच्या तासाला तो जातो.

औषध केव्हा?

पहिल्या पायरीच्या रक्तदाबात, लक्षणे व अवयवांवर परिणाम नसेल तर, सुमारे सहा महिने आहार-विहार सुधारून पाहतात. तरीही तो खाली आला नाही, दुसऱ्या पायरीचा असेल, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा हृदयाची भिंत जाड झालेली दिसली, तर औषध द्यावे लागते. ते बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली असावे. घरातील मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला कदापि देऊ नये.

तीव्र डोकेदुखीसह उलट्या, अंधूक दिसणे, झटका येणे, छातीत दुखणे, दम लागणे किंवा चेहऱ्यावर-अंगावर एकाएकी सूज, यांपैकी काही झाले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एरवी घाईचे कारण नाही, पण विसरण्याचेही नाही. लसीकरणाच्या वेळापत्रकात पाचव्या-सहाव्या, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलाला टोचून घ्यायला आपण नेतोच. त्या दिवशी डॉक्टरांना सांगावे, 'याची उंची, वजन आणि रक्तदाबही मोजा.' तिन्ही आकडे लसीच्या कार्डावर तारखेसह लिहून घ्यावेत. मधल्या वर्षांसाठी मुलाचा वाढदिवस ही तारीख सोयीची आहे.